रेशन किटमधली साखर आणि आपली चूक

एप्रिल २०२० मध्ये बाबासाहेबांची जयंती घरातच साजरी करून आम्ही वस्तीत रेशन किट वाटत होतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहापत्ती आणि एक किलो साखर. कंत्राटी सफाईकाम करणाऱ्या एका काकूंनी साखर परत दिली. म्हणाल्या, "पोरांनो, मला शुगर आहे. ही दुसऱ्याला द्या. पण मला शुगर आहे हे कुणाला सांगू नका."

पहिले ऐकून आम्ही ओशाळलो. शेवटच्या वाक्याचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

त्या दिवसांत मृत्यूच्या बातमीला 'मधुमेह होता' अशी पुस्ती जोडलेली असे. निरोगी माणसाला त्यातून दिलासा मिळे. मधुमेहीला ऐकू येई, पुढचा नंबर तुझा. काकूंना आणखी एक धास्ती होती. ठेकेदाराला कळले तर काम जाईल. नेहमीची ओपीडी बंद, हातात पैसा नाही, म्हणून त्या गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या. झोप उडाली. सततच्या काळजीने शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात आणि यकृत रक्तात जास्त साखर सोडते. म्हणजे भीती मनात थांबत नाही, रक्तात उतरते. शुगर वाढली की भीती पुन्हा वाढते.

यावर सल्ला काय मिळाला? सकारात्मक राहा, योगा करा, रोज चाला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, बाहेर पोलिसांची काठी, रेशनवर मिळतो तो तांदूळ आणि इन्सुलिन ठेवायला घरात फ्रीज नाही. चालायचे कुठे आणि खायचे काय? या परिस्थितीतून आलेली उदासी हा माणसाचा कमकुवतपणा नव्हे. ती विषमतेची देणगी आहे.

त्यात 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. इथे मात्र 'सामाजिक अंतर'च रुळले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाण्यासाठी वरून ओंजळीत धार धरली, त्यांच्या मनावर हा शब्द काय ओरखडे काढत असेल? आजार लपवण्यामागे ही जुनी जखमही आहे.

आता आपल्याबद्दल. 'मानसिक आरोग्य हे मध्यमवर्गीय चोचले आहेत, आधी भाकरीचे बोला,' असे चळवळीतले साथी आजही म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पण मनाला केंद्रस्थानी ठेवणारा धम्म स्वीकारून मनाचा प्रश्न दुय्यम कसा ठरवता येईल? खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. १९५४ मध्ये ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले होते. शेवटच्या वर्षांतली त्यांची घालमेल आणि अश्रू नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवले आहेत. आपण पुतळ्यातला ताठ बाबासाहेब पाहतो, आजारी शरीराने धम्मग्रंथ पूर्ण करणारा माणूस विसरतो. त्यांच्या घरी माईसाहेबांसारख्या डॉक्टर होत्या. काकूंची विचारपूस करणारे कोण होते? आम्ही होतो, आणि आम्ही साखर वाटत होतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. तो मागा. प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर मोजताना झोप, भीती, उदासी यांचीही विचारणा झाली पाहिजे. साथ असो वा नसो, मधुमेहाची औषधे वस्तीत मोफत मिळाली पाहिजेत आणि आजारामुळे कंत्राटी कामगाराची रोजी जाता कामा नये. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास आजारी माणसांचे ऐकायला ठेवा. उपदेश नको, फक्त ऐका.

आणि 'हे मागच्या जन्माचे भोग' असे कुणी म्हणाले, तर तिथेच अडवा. आपण ते १९५६ लाच दीक्षाभूमीवर सोडून आलो आहोत.

पुढची साथ येईल तेव्हा किटमध्ये काय भरायचे, हे आधी काकूंना विचारू. आणि झोप लागते का, हेही.

जय भीम!