तोडणीचा प्रोग्राम कोणाला विचारून लिहायचा?

साखर कारखान्यात नवी संगणक प्रणाली आणायची म्हटलं की फळ्यावर चौकोन पडतात: ऊस नोंद, तोडणी, वजनकाटा, बिल. मग त्यांना जोडणारे बाण. ब्रिटिश सरकारने १९८०च्या दशकात आपल्या खात्यांसाठी लावून धरलेली एसएसएडीएम पद्धत याच वाटेची. माहिती कुठून निघते, कुठे साठते, कोणाकडे जाते, हे ती आधी बघते. वजनकाट्यासाठी मलाही हीच पद्धत हवी. टनाचा हिशोब कोणाच्या मतावर चालता कामा नये.

तोडणीचं तसं नाही. नोंदवहीत लागणीच्या तारखेनुसार क्रम लागतो, पण वाळव्यात काय किंवा कराडात काय, टोळी कुठे उतरली, फडाचा रस्ता ओला आहे का, टोळीने खुशाली, म्हणजे वरचे पैसे, किती मागितले, यावर कोयता आधी कुठे पडायचा ते ठरतं. बीडकडून आलेलं जोडपं मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळीच्या मुकादमामार्फत जाते. त्यातली बाई नोंदीत सहसा नसतेच. चौकोन-बाणांची पद्धत ही नोंदवही आहे तशी संगणकात उतरवते आणि अन्याय पक्का करते.

लँकेस्टर विद्यापीठातल्या पीटर चेकलंड यांची सॉफ्ट सिस्टिम्स पद्धत म्हणूनच मला इथे मोलाची वाटते. शेतकरी, कारखान्याचा चिटबॉय, मुकादम, शेती अधिकारी या प्रत्येकाला तोडणी कशी दिसते ते भांडणासकट आधी मांडायचं आणि मगच संगणकाकडे वळायचं. ब्रिटिश अभ्यासक एनिड ममफर्ड तर प्रणाली वापरणाऱ्यांनाच आराखड्याला बसवायच्या.

हे आधी न केल्याचं उदाहरण जवळच आहे. शेजारच्या वारणा सहकारी साखर कारखान्याने १९९८मध्ये केंद्र आणि राज्य सरकारसोबत कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक केंद्रं नेली. इंटरनेट, पीकसल्ला, बाजारभाव, आवाका मोठा होता. पुढे संशोधकांना दिसलं की केंद्रांवर मुख्यतः कारखान्याचा ऊस व्यवहारच चालतो. मग ७ गावांत प्रयोग झाला: संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस. काम भागलं, तेही कमी खर्चात. गावात बसून कामाकडे बघणं आधी झालं असतं, तर ही साधी वाट तेव्हाच सापडण्याची शक्यता होती.

सातारा-सांगलीच्या कारखान्यांनी निविदा काढण्याआधी एक हंगाम गट ऑफिसात आणि फडावर घालवावा. तोडणीच्या नोंदीत टोळीतल्या प्रत्येक बाईचं नाव स्वतंत्र असावं, आणि त्या नोंदीचा नमुना ठरवताना ती बाई बैठकीत असावी.