भीमगीत ही स्थलांतरितांची कमाई

भीमगीतांना ‘उसन्या चालींची गाणी’ म्हणून हिणवणारे आजही भेटतात. आमचा त्यांना एकच प्रश्न : ही गाणी रचली कोणी? वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले. अक्षरओळखही त्यांना तिथेच झाली. अण्णा भाऊ साठे तर वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत गेले. गावच्या तमाशातली ढोलकी अशीच कामगारांसोबत चाळीत आली. तिथे कव्वाली कानावर पडत होती. कव्वाली हा शब्दच अरबी ‘कौल’पासून आला, म्हणजे वचन. सुफी दर्ग्यांतला हा प्रकार आमच्या गायकांनी बिनदिक्कत उचलला. सवाल-जवाब तमाशामुळे अंगवळणी होताच. त्याचा मुकाबला केला आणि त्यात बुद्ध-भीम आणले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांनी चालींचं सोवळं कशाला पाळायचं?

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरची आमची पोरं आजही कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. जयंतीला मात्र वर्गणी डीजेवर जाते आणि गायन पार्टीला उरलेसुरले पैसे मिळतात. यंदा मंडळांनी आधी गायन पार्टीचं मानधन बाजूला काढावं. डीजेचं नंतर बघू.