चित्र बाईचे, नाव संस्थेचे

लोहारा तालुक्यातल्या एका गावात आमचे शिबिर होते. पन्नाशीच्या एका बाईने वहीच्या पानावर १९९३ चा भूकंप पेनने काढून आणला होता. कोसळलेले माळवद, दगडांतून वर आलेला हात, शेजारी दावणीला तशीच उभी शेळी. अशी बावीस चित्रे. मी मोबाइलवर फोटो काढले आणि संस्थेच्या ऑनलाइन चित्रदालनासाठी पाठवले. काही महिन्यांनी दालन सुरू झाले. चित्राखाली ओळ होती, ‘ग्रामीण महिलेची कला, मराठवाडा’. त्याखाली संस्थेचे नाव आणि देणगीचे आवाहन. बाईने ते माझ्या मोबाइलवर पाहिले. म्हणाली, “ताई, शेळी माझीच हाय. माझं नाव कुठं हाय?”

संमतीवर एम.एस.डब्ल्यू.ला पानेच्या पाने लिहिणाऱ्या मला तिला विचारायचे सुचले नव्हते!

मैत्रिणींनो, ही एकट्या संस्थेची चूक नाही. पुरुषाने काढले की ‘कला’ आणि बाईने काढले की ‘परंपरा’, ही रीत जुनी आहे. वारली लग्नातला चौक सवाशिणी लिहीत आल्या. १९७० च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून शहरातल्या दालनांत गेली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण निर्विवादच आहे. पण ज्यांच्या हातून हा चौक पिढ्यान्‌पिढ्या आला, त्या सवाशिणींपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

मी हे संस्थेत मांडले तेव्हा उत्तर मिळाले, “बायकांना नावाची हौस नसते. शिवाय नाव छापले तर घरचे चिडतील.” घरचे चिडतील ही भीती खरी असू शकते. मग तिलाच विचारा ना! नाव द्यायचे, टोपणनाव द्यायचे की काहीच द्यायचे नाही, हे तिने ठरवायचे. तिच्या वतीने परस्पर ठरवणे ही तर पुरुषसत्तेचीच रीत. ती आपण कधीपासून उचलली?

कायदाही तिच्या बाजूने आहे. शिबिरात कागद-पेन आपण दिले म्हणून चित्र आपले होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्या चित्राची पहिली मालक तीच. तिने हक्क दुसऱ्याला दिले, तरी ‘हे मी काढले’ असे सांगण्याचा हक्क कलम ५७ नुसार तिच्याकडेच राहतो. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि तिच्या सहीनिशी हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते.

म्हणून प्रत्येक गटाने एवढे करावे. चित्र दालनात टाकण्याआधी ते तिला मोबाइलवर जसे दिसेल तसे दाखवावे. तिच्या बोलीत वाचून दाखवलेल्या कागदावर तिची सही घ्यावी आणि एक प्रत तिच्याकडे ठेवावी. विक्री झाली तर तिचा वाटा किती, हे आधीच ठरवावे. ‘काढून टाका’ असे ती म्हणाली तर काढून टाकावे.

बायकांचे श्रम दिसत नाहीत, असे आपण तीस-चाळीस वर्षे ओरडून सांगतो आहोत. आता ते आपल्याच दालनात आपल्याच हाताने पुसायचे का?