पक्षकारच अंधारात का?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पवनेकाठच्या खेड्यांचे नशीब पालटू लागले. पुढे भोसरी, आकुर्डी, तळवडे आणि गेल्या काही दशकांत महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी असा हा उद्योगपट्टा थेट चाकणच्या माळापर्यंत पोहोचला. उद्योग आले तसे रोजगार आले, आणि रोजगाराच्या पाठोपाठ तंटेही आले. कोणाची जमीन औद्योगिक महामंडळाकडे गेली आणि वाढीव मोबदल्याचा दावा उभा राहिला. कोणाच्या सातबाऱ्यावर बहिणींच्या हिश्शाचा प्रश्न निघाला. कोणा कंत्राटी कामगाराला एका सकाळी दारातूनच परत पाठवण्यात आले. कोणी आयुष्याची पुंजी घालून रावेत किंवा मोशीत सदनिका घेतली आणि ताब्याची वाट पाहत बसला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत. आज या पट्ट्यातील शहाण्यालाही ती चढावी लागते. आणि ती चढताना तो ज्याच्या हाती आपले कागद, पैसा आणि विश्वास सोपवतो, त्या वकिलाविषयी त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते.

वकिलांना जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा हा नियम योग्यच आहे. न्याय हा साबणासारखा विकण्याचा माल नव्हे. परंतु जाहिरात नाही म्हटल्यावर पक्षकाराने निवड कशाच्या आधारे करायची? गावातल्या कोणाच्या तरी शिफारशीवर किंवा न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या मध्यस्थाच्या शब्दावर. अशा वेळी अधिकृत आणि विश्वासार्ह नोंद उपलब्ध असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

अशी नोंद तयार करणारी यंत्रणा आपल्याकडे नाही असे नव्हे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने प्रत्येक राज्याच्या बार कौन्सिलवर शिस्तीची जबाबदारी टाकली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची बार कौन्सिल मुंबईत आहे. गैरवर्तनाची तक्रार आली आणि तीत तथ्य वाटले, तर कलम ३५ नुसार ती शिस्तपालन समितीकडे जाते. समितीत तीन सदस्य असतात आणि तिघेही वकीलच. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठराविक मुदतीसाठी सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव पटावरून कायमचे काढून टाकू शकते. निलंबनाच्या काळात त्या वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही. तक्रारीचा निकाल एका वर्षात लागावा, अन्यथा प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जावे, असे कलम ३६ ब सांगते. हे बंधन पाळले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा बजावावे लागले, यातच सर्व काही आले.

या शिक्षांचे पुढे काय होते? कायद्याच्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक नीतीच्या विषयात शिस्तपालन समित्यांचे निवडक निर्णय अभ्यासावे लागतात. त्यातील अनेक निर्णयांत तक्रारदार आणि वकील यांची केवळ आद्याक्षरे दिलेली असतात. विद्यार्थ्याला धडा मिळतो, पण ज्याने दगा सोसला त्याच्या शेजाऱ्याला सावधगिरीची सूचना मिळत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तरच नाव जगासमोर येते. मुंबईतील फौजदारी न्यायालयांच्या दारात पक्षकारांना अक्षरशः ओढून घेणाऱ्या वकिलांविरुद्ध उच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तक्रार केली होती. ते प्रकरण ‘दाभोळकर’ या नावाने आजही शिकवले जाते. १९७५ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, व्यवसायाची शुद्धता राखण्यासाठी राज्याची बार कौन्सिल स्वतःही अपील करू शकते. शुद्धता राखणे हे बार कौन्सिलचे कर्तव्य असेल, तर त्या शुद्धीचा निकाल समाजाला कळवणे हाही त्याच कर्तव्याचा भाग ठरतो.

हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे, त्याला कारण आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली होती. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वकिली हा व्यापार नव्हे, ती व्यक्तिगत स्वरूपाची सेवा आहे आणि वकिलावर पक्षकाराचे नियंत्रण असते, अशी न्यायालयाची भूमिका आहे. तिचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, त्याच जिल्ह्यातील पक्षकाराला आता वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार बंद आहे. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. पण एका दाव्यात पोळलेला माणूस दुसरा दावा लावण्यास किती धजावेल? उरतो तो बार कौन्सिलचा मार्ग. व्यवसायाला ग्राहक कायद्यातून सूट हवी असेल, तर त्याच्या अंतर्गत शिस्तीने अधिक पारदर्शक असायला हवे.

तुलना दूरची नको. महारेराच्या संकेतस्थळावर सदनिका घेणाऱ्याला प्रकल्पाची नोंदणी पाहता येते आणि जमिनीच्या मालकी हक्काबद्दल वकिलाने दिलेला अहवालही वाचता येतो. मात्र तो अहवाल देणाऱ्यावर पूर्वी कारवाई झाली होती काय, हे शोधण्याची सोय तिथे नाही. बांधकाम व्यावसायिकाचा इतिहास उघड आणि त्याच्या कागदांना प्रमाणपत्र देणाऱ्याचा झाकलेला, हा न्याय कुठला? परदेशातही कॅलिफोर्नियाच्या बारच्या पटावर वकिलाचे नाव शोधले की त्याला झालेली शिक्षा समोर येते. म्हणून तिथली वकिली बुडाली नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हरलेला पक्षकार रागाच्या भरात, किंवा विरुद्ध बाजूच्या वकिलाला जेरीस आणण्यासाठी, खोटी तक्रार करू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाच निराधार तक्रारी पुढे रेटल्याबद्दल खर्चाचा भुर्दंड लावला. म्हणून प्रलंबित तक्रारी चव्हाट्यावर आणू नयेत. अपिलाची मुदत उलटल्यानंतर किंवा अपील निकाली निघाल्यानंतर उरणारी अंतिम शिक्षा तेवढी नाव, सनद क्रमांक, कारण आणि मुदत यांसह मराठीत प्रसिद्ध व्हावी. तक्रारदाराचे नाव झाकावे. किरकोळ ताकिदीची नोंद काही वर्षांनी काढून टाकावी. बार कौन्सिल ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधील ‘न मागता माहिती द्या’ हे तत्त्व तिलाही लागू पडते. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

तोवर पक्षकारानेही डोळे उघडे ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये, वकीलपत्राची प्रत आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या दाव्याची पुढील तारीख स्वतः पाहावी. मोबदल्यातील टक्केवारी ठरवून फी घेणे हे बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे, हे खेड तालुक्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावे. फी थकली म्हणून वकील पक्षकाराचे कागद अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे.

खेड-राजगुरुनगर आणि पिंपरीच्या न्यायालयांत सचोटीने काम करणारे, गरिबाकडून फी न घेणारे वकील आहेत आणि तेच बहुसंख्य आहेत. उघड नोंदीचे भय त्यांना असण्याचे कारण नाही. उलट आज मूठभरांच्या कृत्याचा डाग त्यांच्या काळ्या कोटावरही पडतो, तो पुसण्याचा हाच मार्ग आहे. म्हणून या मागणीचा पहिला ठराव स्थानिक वकील संघटनांनीच करावा. ज्या समाजाने रामशास्त्र्यांची आठवण अडीचशे वर्षे जपली, त्याला न्यायाच्या कामातील माणसांकडून एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार निश्चितच आहे.