मिटलेल्या दप्तराचे महिने

कोळ्याचे पोट समुद्रावर चालते, म्हणून त्याने पाण्याविषयी तक्रार केली तर निदान ऐकून घेण्याचा शिष्टाचार सरकारदरबारी पाळला जातो. परंतु केवळ मौजेखातर, ऐन थंडीत रबरी पोशाख अंगावर चढवून आणि आपल्याहून उंच फळी काखेत मारून, मनाजोगत्या लाटेची वाट पाहत जो तासन्‌तास पाण्यात बसून राहतो, त्या सर्फर नामक इसमाकडून लोकोपयोगी असे काही टिकाऊ काम होईल, अशी अपेक्षा कोणत्याही शहाण्या मामलेदाराने केली नसती. वास्तविक या माणसाचा अधिकार त्याच्या रिकामटेकडेपणातूनच उत्पन्न होतो. पोहणारा उन्हाळ्यात येतो, चार हात मारतो आणि टॉवेल झटकून घरी जातो. हा मात्र बारमाही, घटकेघटकेला लाटेखाली बुडणारा आणि इच्छा असो वा नसो, खाऱ्या पाण्याचे घोट गिळणारा असल्यामुळे, पाण्यात काय मिसळले आहे याचा दाखला त्याच्या घशाला आणि कानाला कोणत्याही अहवालाच्या आधी मिळतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात, सेंट अ‍ॅग्नेस या गावी, १९९० साली अशाच मंडळींनी ‘सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज’ ही संस्था स्थापन केली. गावचा मैला नळांवाटे समुद्रात सोडून द्यावा आणि पुढचे समुद्राने पाहून घ्यावे, ही तिथली जुनी वहिवाट होती. स्नानाच्या पाण्याविषयीचा युरोपीय निर्देश १९७६ पासून लागू असूनही तिला म्हणावा तसा धक्का लागला नव्हता. तेव्हा या तरुणांनी तोंडावर विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चढवले, अंगात पाण्यातला पोशाख तसाच ठेवला, आणि हवा भरून फुगवलेली विष्ठेची अवाढव्य प्रतिकृती बरोबर घेऊन मोर्चे काढले. सोवळ्या वाचकांस हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु ज्या वस्तूचे नाव सभ्य खलित्यात घेता येत नाही, तिच्याविषयीचा अर्ज निकालात निघण्यास दुसरा कोणता मार्ग होता, हेही त्यांनी सांगावे.

मला मात्र या मिरवणुकीपेक्षा सर्फरांचे दुसरे, कमी नाट्यमय काम अधिक मोलाचे वाटते. इंग्लंडात सरकारी हिशेबाने स्नानाचा मोसम १५ मे रोजी उघडतो आणि ३० सप्टेंबरला संपतो, व पाण्याची तपासणीही त्याच बेताने होते. कॅलिफोर्नियात १९९७ च्या कायद्याने गर्दीच्या किनाऱ्यांवर साप्ताहिक तपासणी आवश्यक केली, तीही एप्रिल ते ऑक्टोबर या अवधीपुरती. म्हणजे उत्तम लाटा ज्या महिन्यांत उठतात आणि पावसाने भरलेली गटारे ज्या महिन्यांत समुद्राकडे धाव घेतात, नेमक्या त्याच महिन्यांत दप्तर मिटलेले! कॅलिफोर्नियातच मालिबू येथे १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सर्फरायडर फाउंडेशन’च्या स्वयंसेवकांनी ‘ब्लू वॉटर टास्क फोर्स’ या नावाने ही रिकामी पाने भरण्याचे काम अंगावर घेतले.

ते काम आहे तरी केवढे? एकाने पहाटे गुडघाभर पाण्यात जायचे, निर्जंतुक बाटलीचे झाकण आयत्या वेळी उघडून ती पृष्ठभागाखालून भरायची, दिनांक, वेळ आणि जागा लिहून ती बर्फात ठेवायची आणि काही तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. तेथे दहापट सौम्य केलेल्या त्या पाण्यात एक पूड मिसळून ते लहान लहान खळग्यांच्या तबकात बंद करतात व ४१ अंश सेल्सिअस उष्णतेत २४ तास ठेवतात. मग अंधारात जंबुपार दिवा धरला की ज्या खळग्यांत आंत्रातील एंटेरोकोकस जंतू वाढले असतील तेवढेच निळसर उजळतात. ते मोजायचे, कोष्टकात आकडा पाहायचा आणि वहीत मांडायचा. यात ना घोषणा, ना फलक, ना हार. आणि म्हणूनच अंमलदाराला ही वही फार अडचणीची वाटत असावी.

आकड्यांची सत्ता काय असते, हे कॅलिफोर्नियातल्याच हम्बोल्ट उपसागराजवळच्या खटल्यात दिसले. तेथील सामोआ द्वीपकल्पावर कागदाच्या लगद्याचे दोन कारखाने आपले सांडपाणी समुद्रात सोडत आणि तेथे लाटांवर खेळणाऱ्यांना मळमळ व त्वचेचे विकार जडत. अमेरिकेच्या १९७२ च्या जलशुद्धी कायद्याने कारखानदाराला स्वतःच्या सांडपाण्याचे मोजमाप स्वतःच दाखल करण्याचे बंधन आहे, ते कागद कोणासही पाहता येतात, आणि ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकास फिर्यादही करता येते. सर्फरायडरच्या फिर्यादीत नियमभंगाची संख्या ४०,००० हून अधिक भरली. १९९१ साली तडजोड होऊन कारखान्यांना ५८ लाख डॉलरचा दंड झाला.

आकड्यांपेक्षा झाडू बरा, असे कोणी म्हणेल. किनारासफाईच्या रविवारी शेकडो माणसे जमतात, मुलेबाळे येतात, आणि त्यातूनच पुढे बाटली धरणारे दोन हात मिळतात, हे मला मान्य आहे. आपल्याकडे वर्सोव्याला २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शहा या वकिलांनी एका वृद्ध शेजाऱ्यासह आरंभलेल्या सफाईनंतर २०१८ साली त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडली. त्या श्रमांना मी हात जोडतो. परंतु अशाच एका सफाईला (गाव सांगत नाही) मी स्वतः गेलो होतो. दुपारपर्यंत आम्ही गोण्या भरल्या, छायाचित्रे निघाली, चहा झाला. गाडी यायची होती, ती तिसऱ्या दिवशीपर्यंत आली नाही; दरम्यान अमावास्येची उधाणाची भरती येऊन निम्म्या गोण्या जिथून आल्या तिथे गेल्या. आणि आमच्या पाठीमागे शंभर पावलांवर नाला अखंड वाहत होता, त्यात काय आहे हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही.

आता गंमत अशी की, आपल्या १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमात १९८८ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ४९ मध्ये कोणाही व्यक्तीस ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात फिर्याद करण्याची वाट ठेवण्यात आली, आणि अशा व्यक्तीने मागणी केल्यास, लोकहितास बाध येत नसेल तर, प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्याजवळचे अहवाल तिला दाखवावेत असेही त्यात घातले गेले. हम्बोल्टच्या सर्फरांकडे होते तेवढेच दिवस. एका वकील स्नेह्याला मी हे कलम दाखवले, तेव्हा चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “कलम चांगले आहे हो. पण फिर्यादीला जोडायला काय आणलेत?”

— तटस्थ