ठराव क्रमांक ४२ आणि एक गोदाम

लंडनच्या कॅम्डन भागात ‘राउंडहाउस’ ही वर्तुळाकार वास्तू उभी आहे. १८४७ साली ती रेल्वेची इंजिने ठेवण्यासाठी बांधली गेली. थोड्याच वर्षांत इंजिने लांबीने वाढली, जागा अपुरी पडली आणि पुढे अनेक दशके तेथे एका मद्यव्यापारी पेढीचे गोदाम होते. जुन्या गोदामांतून लोकांची नाट्यगृहे उभारावीत, ही कल्पना आपल्याकडेही अधूनमधून उत्साहाने मांडली जाते. म्हणून या गोदामाचे पुढे काय झाले, हे कामगार चळवळीच्या धुरीणांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

१९६० साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात बेचाळीस क्रमांकाचा ठराव संमत झाला. समाजजीवनात कलेचे महत्त्व मोठे असून कामगार संघटनांनी या क्षेत्रात काय करता येईल ते पाहावे, असा त्याचा आशय होता. शिंप्याच्या घरी वाढलेले आणि उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत राबलेले नाटककार आर्नल्ड वेस्कर यांनी हा ठराव अक्षरशः खरा मानला. (ठराव खरे मानणारी माणसे कोणत्याही अधिवेशनात थोडीच असतात!) ठरावाचा क्रमांकच नावात घेऊन ‘सेंटर फॉर्टी-टू’ ही संस्था निघाली. १९६२ मध्ये स्थानिक कामगार मंडळांच्या सहकार्याने नॉटिंगहॅम, लेस्टर, ब्रिस्टल आदी ठिकाणी तिने कलामहोत्सव भरवले. लोक आले, पण संस्थेच्या पदरी कर्जही आले. १९६४ साली तिला राउंडहाउस मिळाले.

आता हवा होता तो पैसा. ज्यांनी ठराव संमत केला, त्या संघटनांच्या तिजोऱ्या मात्र पुरेशा उघडल्या नाहीत. १९६७ साली मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी निधीसाठी धनिकांना आपल्या निवासस्थानी चहास पाचारण केले. कामगारांचे रंगमंदिर उभारण्यासाठी धनिकांना चहा पाजावा लागावा, यातच पुढील इतिहास दिसत होता. वास्तूचा खर्च भागावा म्हणून ती पॉप संगीताच्या जलशांना भाड्याने जाऊ लागली. १९७० साली तेथे ‘ओह! कलकत्ता!’ ही नग्नतेसाठी गाजलेली रंगावली झळकली आणि त्याच वर्षी वेस्कर बाजूला झाले. १९८३ साली नाट्यगृहास टाळे लागले.

वेस्कर यांचे स्वप्न भाबडे होते असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. चूक क्रमाची झाली. छप्पर आधी मिळाले आणि त्याखाली हक्काने बसणारा, वर्गणी देणारा, कोणते नाटक व्हावे हे ठरवणारा कामगार मात्र संघटित झाला नाही. मालकी ज्याची नाही, त्याचा प्रेक्षागृहावर अधिकार तरी कसा राहावा?

आपल्याकडे स्थिती याच्या नेमकी उलट होती. मुंबईच्या गिरणगावात प्रेक्षक होता आणि कलावंतही होता. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख या वस्तीचेच शाहीर. नव्हते ते छप्पर. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक उपयोगासाठी मिळण्याची आशा निर्माण केली होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता आकसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या आवारांत मॉल आले, मद्यालये आली. त्या काळात घरांसाठी मोर्चे निघाले, आणि ते निघणे योग्यच होते. परंतु एखादे गोदाम रंगमंचासाठी राखून ठेवा, ही मागणी आपल्या मागणीपत्रकांत कितीशी ठळक होती?

राउंडहाउस १९९६ साली एका निवृत्त खेळणी-कारखानदाराने, टॉर्क्विल नॉर्मन यांनी, विकत घेतले. २००६ पासून त्याच्या तळघरात तरुण मुले अल्प खर्चात संगीत आणि नाट्य शिकत आहेत. या औदार्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र बेचाळीस क्रमांकाचा ठराव कारखानदारांच्या परिषदेत संमत झालेला नव्हता. आपल्या कामगार संघटनांनी पुढील वार्षिक अंदाजपत्रकात रंगमंचासाठी वेगळी रक्कम दाखवावी. ती कितीही लहान असली तरी चालेल, पण ती वर्गणीतून आलेली असावी.