झीटा की अल्फा?

मामांना जिम्नी घ्यायची आहे आणि सारे घर म्हणते, घ्यायची तर ‘अल्फा’च! का, तर तिला नऊ इंची पडदा, अलॉय चाके, बटणावर सुरू होणारे इंजिन. पण मंडळी, काजूच्या बागेतल्या चिखलातून गाडी बाहेर काढते कोण? फोर-व्हील ड्राइव्ह, लो-रेंज गिअर, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची. हे सारे ‘झीटा’तही आहेच. सहा एअरबॅगसुद्धा! जून २०२३ मध्ये जिम्नी आली तेव्हा दोघींच्या किमतीत ९५ हजारांचे अंतर होते. दगडावर आपटून वाकलेले पोलादी चाक निदान ठोकून घेता येते. अल्फाचे एलईडी दिवे मात्र मलाही मोहात पाडतात. पावसात रात्री आंबोली घाट उतरणाऱ्याला उजेडाची किंमत विचारा. तरीही माझे मत झीटालाच. वाचलेल्या पैशांतून मामांनी आधी चांगले टायर घ्यावेत.